पायऱ्या किती, तिकिटं किती?

गाडी एकदा मिळाली आणि बसायला जागा झाली की प्रवासी फारशी तक्रार करत नाही. त्याचा जीव मेटाकुटीला येतो तो गाडी बदलताना. मध्य रेल्वेत टीसी म्हणून मी नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं दादरला. पुलाच्या तोंडाशी तिकिटं बघत उभं राहिलं की समोरून लोंढा यायचा. कुणी कर्जतहून आलेला, अंधेरीला जाणारा. कुणी विरारहून आलेला, भायखळ्याला जाणारा. हातात पिशव्या, कडेवर मूल, डोळे इंडिकेटरवर. स्थानक चांगलं की वाईट हे त्या पुलावर ठरतं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. दर्शनी भिंतीच्या रंगावरून ते ठरत नाही.

मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीला, जर्सी सिटीत राहते. हडसन नदीच्या पूर्व काठावर न्यूयॉर्कचं मॅनहॅटन आणि पश्चिम काठावर एकमेकांना खेटलेली बेयॉन, जर्सी सिटी, होबोकेन, वीहॉकन ही गावं. जर्सी सिटीच्या न्यूपोर्ट भागात नोकरीनिमित्त आलेली आपली माणसं पुष्कळ. संध्याकाळी नदीकाठी फिरायला निघालं की मराठी कानावर पडतं. तिच्याकडे असले की मी सवड काढून होबोकेन टर्मिनलला जाते. लाइट रेल, उपनगरी गाड्या, मॅनहॅटनला जाणारी पाथ ही भुयारी रेल्वे, बस आणि फेरी बोट असे पाच प्रकार तिथे हाकेच्या अंतरावर एकत्र येतात. लोक गाडी कशी बदलतात, हे बघायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही.

लाइट रेल म्हणजे काय ते आधी सांगते. ट्रामपेक्षा मोठी आणि मेट्रोपेक्षा लहान अशी ही गाडी. डोक्यावरच्या तारेतून वीज घेते. काही भागात तिला स्वतःचा वेगळा मार्ग असतो, तर काही भागात ती सरळ रस्त्यावरून, मोटारींच्या शेजारून, सिग्नल पाळत जाते. गाडी एका किंवा दोन डब्यांची. पण एकेक डबा चांगला लांब, सांध्यावर वळणारा, म्हणून गावातली अरुंद वळणं ती सहज घेते. मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 ला बोरीबंदर ते दादर धावली. ती ज्यांना आठवते त्यांना ही गाडी ओळखीची वाटेल. मेट्रोसारखा उंच खांबांचा किंवा भुयाराचा खर्च हिला बहुतेक ठिकाणी लागत नाही, आणि बसपेक्षा माणसं कितीतरी जास्त मावतात. हडसन–बर्गन लाइट रेल असं या मार्गाचं नाव. एप्रिल 2000 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, होबोकेन टर्मिनलला ती सप्टेंबर 2002 मध्ये पोचली. आज 24 स्थानकं आहेत, लांबी सुमारे 27 किलोमीटर. नावात बर्गन असलं तरी उत्तरेच्या बर्गन परगण्यात ती अजून गेलेली नाही. तिथले लोक वाट बघताहेत.

ही गाडी का लागली, हे नदीकाठचा जुना नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. एकोणिसाव्या शतकात मॅनहॅटनच्या दिशेने आलेली एकेक रेल्वे कंपनी हडसनच्या काठाशी येऊन थांबली. इथे नदीवर पूल नव्हता, खाली बोगदा नव्हता. मग प्रत्येकीने काठावर आपापलं टर्मिनस बांधलं आणि पुढे आपापल्या फेरी बोटी ठेवल्या. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचं एक्स्चेंज प्लेसला, ईरी कंपनीचं पव्होनियाला, सेंट्रल रेलरोड ऑफ न्यू जर्सीचं कम्युनिपॉला, लॅकावानाचं होबोकेनला, वेस्ट शोअरचं वीहॉकनला. साऱ्यांची तोंडं मॅनहॅटनकडे. शेजारच्या गावी जायचं तर त्यांचा काही उपयोग नाही. पुढे या कंपन्या डबघाईला आल्या, यार्डं ओस पडली आणि 1980 नंतर त्याच जमिनींवर टॉवर उभे राहू लागले. न्यूपोर्ट उभं आहे ते ईरीच्या जुन्या यार्डावर. तिथे राहायला आणि कामाला येणाऱ्यांना आता काठाकाठाने, उत्तर-दक्षिण जायचं होतं. लाइट रेलने ते काम केलं. जुन्या रेल्वेच्या वाटा तिने पुष्कळ ठिकाणी वापरल्या आणि पूर्वी एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली ही ठिकाणं जोडली. मुंबईकराला हे दुखणं समजावून सांगायला नको. आपल्या लोकलही एकाच दिशेच्या, उत्तर-दक्षिण धावणाऱ्या. अंधेरीहून घाटकोपरला सरळ जाणारी गाडी आपल्याला मिळाली ती 8 जून 2014 ला, मेट्रो सुरू झाली तेव्हा.

होबोकेन टर्मिनलची इमारत 1907 ची. केनेथ मर्चिसन हे वास्तुरचनाकार. नदीकडची बाजू तांब्याच्या पत्र्याने मढवलेली. वर्षानुवर्षांच्या हवेने ते तांबं हिरवं पडलंय. प्रतीक्षालयाच्या छताला टिफनीची रंगीत काच आहे आणि खाली उंच पाठीची लाकडी बाकं. मला मात्र गाड्यांवरचं छप्पर जास्त आवडतं. लिंकन बुश नावाच्या अभियंत्याने ते इथे पहिल्यांदा वापरलं. त्याआधी मोठ्या स्थानकांवर उंच कमानीचं छप्पर असायचं आणि इंजिनांचा धूर आत कोंडायचा. बुश यांनी छप्पर अगदी खाली आणलं आणि रुळाच्या बरोबर वर लांब फट ठेवली. इंजिनाचं धुराडं त्या फटीखाली येई आणि धूर सरळ आकाशात जाई. प्रवासी कोरडा राही आणि त्याला श्वासही घेता येई.

याच फलाटावरून सप्टेंबर 1930 मध्ये लॅकावानाची पहिली विजेवरची लोकल सुटली, तेव्हा थॉमस एडिसन स्वतः चालकाच्या जागी उभे होते. हे वाचलं आणि मला आपली 3 फेब्रुवारी 1925 आठवली. त्या दिवशी बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावली होती, म्हणजे होबोकेनच्या साडेपाच वर्षं आधी. मध्य रेल्वेवाल्या माणसाने हे अभिमानाने सांगायला हवं, आणि मी तिथल्या शेजाऱ्यांना सांगतेही.

आता गाडी बदलण्याची गोष्ट. लाइट रेलचा फलाट टर्मिनलच्या दक्षिण कडेला आहे. दार उघडतं तेव्हा डब्याचा तळ आणि फलाट एका पातळीत असतात. बाबागाडी, चाकाची खुर्ची, सायकल, सामानाची बॅग सारं सरळ बाहेर येतं. उतरून उत्तरेकडे चालायला लागायचं. डाव्या हाताला उपनगरी गाड्यांचे रूळ एकापाठोपाठ एक संपत जातात, प्रत्येकाच्या टोकाला बफर. उजव्या हाताला नदी आणि फेरीचे धक्के. पलीकडच्या टोकाला पोचलं की पाथमध्ये उतरायचे जिने आणि लिफ्ट, आणि बाहेर बसचे थांबे. आजीबाईच्या चालीनेही हे पाच-सात मिनिटांचं अंतर, आणि पाथच्या जिन्यापर्यंत सगळं सपाट. कुठे पूल चढायचा नाही.

हे का जमलं? कारण हे टर्मिनस आहे. रूळ जिथे संपतात त्यांच्या टोकाभोवतीने माणूस जमिनीवरून फिरू शकतो. आपल्या सीएसएमटीला मेलमधून उतरून लोकलला जाताना पूल लागत नाही तो याच कारणाने. दादर, ठाणे, कुर्ला इथे रूळ आरपार जातात, म्हणून पूल किंवा भुयार आलंच. तिथे पुलाची रुंदी आणि जिन्याची जागा या दोन गोष्टींवर हजारो माणसांचं सुख-दुःख ठरतं. टर्मिनसची एक भीतीही असते. 29 सप्टेंबर 2016 च्या सकाळी होबोकेनला एक लोकल न थांबता बफर तोडून थेट माणसांच्या वाटेवर घुसली. फलाटावर उभी असलेली एक बाई गेली, शंभरावर माणसं जखमी झाली. चालकाला झोपेत श्वास अडखळण्याचा आजार होता आणि तो तोवर कुणाच्या लक्षातच आला नव्हता, असं चौकशीत निघालं. जी सपाट वाट मला इतकी आवडते ती बफरच्या चार पावलांवरून जाते. म्हणून तिथे गाडीचा वेग माणसाच्या भरवशावर सोडून चालत नाही, हे त्या दिवशी साऱ्या जगाला दिसलं.

लाइट रेलसाठी मात्र होबोकेन हा आडवाटेचा फाटा आहे. गाडी आत येते, चालक डबा बंद करून दुसऱ्या टोकाला चालत जातो आणि आल्या वाटेने परत निघतो. उत्तरेच्या टोनेली ॲव्हेन्यूहून जर्सी सिटीच्या वेस्ट साइड ॲव्हेन्यूला जाणारी सेवा टर्मिनलच्या बाहेरूनच वळण घेऊन सरळ निघून जाते. म्हणून फलाटावर पाटी वाचूनच चढावं. बेयॉनला जायचं असताना पहिली आली त्या गाडीत बसलेला पाहुणा उत्तरेला टोनेली ॲव्हेन्यूला जाऊन उतरतो.

टीसीच्या नजरेला इथे सगळ्यात आधी जाणवतं ते असं, की लाइट रेलला गेटच नाही. फलाट उघडा. यंत्रातून तिकीट काढायचं आणि शेजारच्या छोट्या पेटीच्या खाचेत सारायचं. खट्ट आवाज होतो, तारीख-वेळ उमटते आणि तिथून तासाभरात प्रवास उरकायचा. ठसा नसलेलं तिकीट म्हणजे विदाउट तिकीटच. आपल्या उपनगरी स्थानकांवर कूपन पंच करायची सीव्हीएम यंत्रं होती, त्यातलाच हा प्रकार. आता बरेच जण फोनवर तिकीट काढून चढण्याआधी ते चालू करतात.

गेट का नाही, याला व्यवहारी कारण आहे. गेट बसवायचं तर स्थानक चारही बाजूंनी बंद करावं लागतं. मग जिने, माणसं, खर्च सारं वाढतं आणि रस्त्याच्या कडेला साधा फलाट बांधून भागत नाही. गेट नाही म्हणून तर माणूस फुटपाथवरून दोन पावलांत गाडीत चढतो. बदल्यात तपासनीस गाडीत फिरतात. एकदा दुपारी मी त्यांचं काम जवळून पाहिलं. दोघं दोन दारांतून चढले, एकाने मोठ्याने तिकीट दाखवायला सांगितलं, आणि डबा मधल्या सांध्याकडे तपासत आले. एका मुलाच्या तिकिटावर ठसा नव्हता. तपासनिसाने त्याला पुढच्या थांब्यावर खाली घेतलं, नाव-पत्ता लिहून घेतला. आवाज चढला नाही, बाकीच्या माणसांसमोर पंचनामा नाही. दोन्ही दारांनी एकदम चढणं आणि मध्ये भेटणं ही आमच्या स्क्वाडचीही रीत होती. इतक्या लांब तीच रीत बघून मला फार बरं वाटलं.

लाइट रेलची जोडणी रुळापाशी संपत नाही. होबोकेनच्या पश्चिमेला पॅलिसेड्स नावाचा दगडी कडा आहे. कड्यावर दाट वस्ती, खाली गाडी. नाइन्थ स्ट्रीट स्थानकाला त्यासाठी लिफ्टचा मनोरा बांधलाय. खाली उतरलात तर होबोकेन, लिफ्टने वर गेलात तर जर्सी सिटी हाइट्सचा काँग्रेस स्ट्रीट. कड्यावरून उतरायला पूर्वी लांबच्या लांब जिने किंवा मोठा वळसा असे. त्याच्याही उत्तरेला बर्गनलाइन ॲव्हेन्यू हे स्थानक तर एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे बोगद्यात आहे, जमिनीच्या जवळपास 49 मीटर खाली. वर येण्याची मदार मोठ्या लिफ्टवर. लिफ्टचं दार उघडलं की समोर गजबजलेला बाजार, दुकानांवर स्पॅनिश पाट्या आणि रस्त्यावर हात केला की थांबणाऱ्या जिटनी, म्हणजे खासगी छोट्या बसगाड्या. आपल्याकडच्या शेअर रिक्षासारखं त्यांचं चालतं. वेळापत्रक वाचत बसायला नको. रेल्वेने लिफ्ट दिली, पुढचं काम जिटनीने उचललं. लोक त्या दोन्ही मिळून एकच प्रवास समजतात.

इतकं कौतुक केल्यावर खटकतं तेही सांगायला हवं. होबोकेनला पाय जोडले गेलेत, तिकिटं जोडली गेलेली नाहीत. लाइट रेल, बस आणि उपनगरी गाड्या न्यू जर्सी ट्रान्झिटच्या. पाथ ही बंदर प्राधिकरणाची, तिचं भाडं वेगळं; जानेवारी 2025 मध्ये ते 3 डॉलर झालं. फेरी तिसऱ्याच कंपनीची आणि या सगळ्यांत महाग. नदीपलीकडे न्यूयॉर्कच्या सबवेत शिरलं की आणखी एक भाडं. न्यू जर्सी ट्रान्झिटचा रेल्वेचा मासिक पास लाइट रेलला चालतो, ही त्यातल्या त्यात सोय. पण बेयॉनहून लाइट रेलने येऊन पाथने मॅनहॅटनला आणि तिथून सबवेने पुढे कामाला जाणारी बाई एका दिशेला तीन वेळा पैसे मोजते. सफाईच्या, हॉटेलातल्या, आजारी माणसांची शुश्रूषा करण्याच्या कामाला जाणाऱ्या बायका मी त्या फलाटावर बघते. त्यांच्या पगारातून हे जातं.

आणि इथे मला दादर आठवतं. पूल आणि गर्दीचा भाग सोडा. पण डोंबिवलीहून अंधेरीला जाणारा माणूस एकच तिकीट काढतो. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे ही दोन वेगळी खाती आहेत, हे त्याच्या खिशाला कळतही नाही. दादरला दोन रेल्वेंच्या फलाटांना सलग क्रमांक मिळायला डिसेंबर 2023 उजाडला, पण तिकीट त्याच्या कितीतरी आधीपासून एक होतं. जगातल्या श्रीमंत शहराच्या दारात जे अजून जमलेलं नाही, ते आपण पुठ्ठ्याच्या तिकिटावर करून दाखवलं होतं. हे आपल्या हातून निसटू नये, म्हणून मी हा लेख लिहितेय.

कारण ते निसटायला लागलंय. घाटकोपरला लोकलमधून उतरून मेट्रोत जायचं तर वेगळं भाडं. पुढे बस घेतली तर आणखी वेगळं. ऑक्टोबर 2025 मध्ये 'मुंबई वन' ॲप आलं आणि अकरा वाहतूक सेवांची तिकिटं एका ठिकाणी मिळू लागली, हे पाऊल चांगलंच आहे. पण एका ठिकाणी तिकीट मिळणं वेगळं आणि सगळ्या प्रवासाचं भाडं एकत्र मोजणं वेगळं. सुरुवातीचं किमान भाडं प्रत्येक गाडीत नव्याने द्यावं लागलं तर घरापासून लांब कामाला जाणाऱ्यालाच भुर्दंड बसतो.

पाण्याबद्दलही होबोकेनकडून शिकण्यासारखं आहे. 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळात हडसनचं पाणी टर्मिनलमध्ये शिरलं आणि लिफ्टच्या वाटेने पाथच्या भुयारात कोसळलं. ते स्थानक 19 डिसेंबरपर्यंत बंद राहिलं. गाडी बदलण्याच्या जागा खोलगट आणि पाण्याजवळ असल्या की एका रात्रीत पाचही सेवा एकदम कोलमडतात. जोडणी जितकी जवळची तितकी तिची राखण जास्त करावी लागते. मुंबईत भुयारी मेट्रो धावू लागली आहे. तिच्या प्रवेशद्वारांची उंची हा पावसाळ्याआधी विचारायचा प्रश्न आहे.

जर्सीला लेकीकडे किंवा मुलाकडे जाणाऱ्यांनी होबोकेन जरूर बघावं. तिकिटावर ठसा मारायला विसरू नये, आणि वय 62 च्या पुढे असेल तर वयाचा दाखला जवळ ठेवावा, सवलत मिळते. मॅनहॅटनहून परत येताना जमलं तर फेरीने यावं. होबोकेनची नदीवरची वाट फार जुनी आहे. जॉन स्टीव्हन्स यांची वाफेवरची फेरी बोट ज्युलियाना 1811 मध्ये इथून धावली. रेल्वेची फेरी 22 नोव्हेंबर 1967 ला बंद पडली, आणि लोकांना गरज होती म्हणून 1989 मध्ये फेरी पुन्हा सुरू झाली.

आणि जे इथेच आहेत त्यांना माझी विनंती आहे. ठाणे, पुणे, नागपूर, मुंबई, सगळीकडे नवी स्थानकं होताहेत. तुमच्या भागातल्या स्थानकाचा आराखडा हरकती-सूचनांसाठी आला की तो बघा आणि लेखी विचारा: मेट्रोतून उतरलेला माणूस लोकलच्या फलाटावर किती पायऱ्या चढून-उतरून पोचेल, लिफ्ट नेमकी कुठे आहे, बसथांबा छपराखालून गाठता येईल का, आणि या सगळ्याला तिकीट एक लागेल की तीन. स्थानक बांधून झाल्यावर जिना हलत नाही. हे आराखड्याच्या वेळीच विचारायला हवं.